मिरजेत राहिलेला डॉक्टर

उंबरमाळीत राहणाऱ्याला डॉक्टरचं मोल अंतरावरून कळतं. स्टेशन खर्डी आणि कसारा यांच्या मधलं, कसाऱ्याची लोकल इथे थांबते. पण पाड्यावरून स्टेशनापर्यंत किंवा सडकेपर्यंत पोचणं हाच पावसाळ्यात खरा प्रवास असतो. ओहोळ भरला की १०८ची रुग्णवाहिका अलीकडच्या काठाला उभी राहते आणि अडलेली बाई झोळीत येते. चादरीची दोन टोकं बांबूला बांधलेली, बांबू दोघांच्या खांद्यावर. पुढचा गडी चिखलात पाय रोवायला थांबला की झोळी मागे झुलते आणि आतली बाई वर हात करून बांबू घट्ट धरते. पुढे शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, तिथून बऱ्याचदा ठाणे, आणि तिथेही भागलं नाही तर मुंबई. शहापूर-मुरबाडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. इथे राहून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे: आमच्याकडे इमारत येते, यंत्र येतं, डॉक्टरही येतो, फक्त तो राहत नाही. म्हणूनच डॉ. विल्यम वानलेस या ख्रिस्ती मिशनरी सर्जनबद्दल मी वाचतो तेव्हा त्यांच्या हातातल्या चाकूपेक्षा त्यांचा मुक्काम मला मोठा वाटतो. १८८९ साली ते हिंदुस्थानात आले आणि १९२८ साली गेले. मधली बहुतेक सगळी वर्षं मिरजेत. त्यांच्या श्रद्धेची किंमत करायची तर ती या मुक्कामावरून करावी, असं माझं म्हणणं आहे.

वानलेस कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १८६५ साली जन्मले, न्यूयॉर्कला वैद्यक शिकले आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आले. सुरुवात सांगलीत झाली. मग मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली, अमेरिकेतल्या एका श्रद्धाळू धनिकाने पैसा दिला आणि १८९४ मध्ये रुग्णालय उभं राहिलं. तो काळ डोळ्यापुढे आणला पाहिजे. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात गावोगाव फिरणारा वैदू सुई घालून तो ‘पाडत’ असे. चार दिवस दिसायचं आणि पुष्कळदा डोळा कायमचा जायचा. अशा माणसांनी मिरजेच्या गोऱ्या डॉक्टरपुढे डोळा उघडा करावा, क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकावर ठेवून घ्यावा, ही साधी गोष्ट नव्हती. परक्या धर्माच्या, परक्या भाषेच्या माणसावर असा भरवसा एका वर्षात बसत नाही. पहिला रोगी बरा होऊन गावी जातो, त्याला पाहून दुसरा येतो, पहिल्याचा भाऊ पाच वर्षांनी येतो, आणि तेव्हाही डॉक्टर तोच असतो. वानलेस यांची शस्त्रक्रियेतली ख्याती दूरवर गेली, शाहू महाराजांसारखा राजा त्यांचा स्नेही झाला, १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवीही मिळाली. या सगळ्याच्या मुळाशी त्याच माणसाचं तिथेच असणं आहे. मिरज आजही दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं, सांगलीच्या वाटेवर वानलेसवाडी हे नाव लोकांच्या तोंडी आहे.

आता सर्वांत मोठा आक्षेप. हे सगळं धर्मप्रसारासाठी होतं, असं म्हणतात, आणि ते खरं आहे. मिशनने डॉक्टर पाठवला तो ख्रिस्ताचा संदेश पोचावा म्हणूनच. मिशनच्या दवाखान्यात प्रार्थना आणि उपदेश हा दिनक्रमाचा भाग असे. वेदनेने गांजलेला माणूस उपदेश ऐकायला नकार कसा देणार? गांधीजींनी १९३१ साली स्पष्ट लिहिलं होतं की दवाखाने आणि शाळा यांचा वापर धर्मांतरासाठी होणार असेल तर तसे मिशनरी स्वतंत्र हिंदुस्थानात नकोत. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या वस्त्यांत हा वाद आजही धगधगता आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. उलट त्याला आमच्याच ठाणे जिल्ह्यातला पुरावा जोडतो. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजे आनंदीबाई, डॉक्टर व्हावी म्हणून तिचे पती गोपाळराव यांनी मदत मागितली ती रॉयल वाइल्डर यांच्याकडे. कोल्हापूरचं मिशन काढणारे तेच हे गृहस्थ, आणि पुढे वानलेस काम करायला आले तेही याच मिशनच्या परिवारात. वाइल्डर यांनी ख्रिस्ती होण्याची अपेक्षा पुढे ठेवली. आनंदीबाईंनी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात, बंगालमध्ये, भर सभेत सांगितलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. गरजेला अट घालणं हा श्रद्धेचा अपमान आहे, हे त्या कोवळ्या वयाच्या मुलीला त्या वृद्ध मिशनऱ्यापेक्षा चांगलं कळलं होतं. माझं मत इथे तिच्या बाजूचं आहे, बिनशर्त.

पण अटीची श्रद्धा आणि मुक्कामाची श्रद्धा एकाच धर्मातून निघाल्या म्हणून त्या एकच ठरत नाहीत. वानलेस यांचं मिरजेत राहणं पगारावर, बढतीवर किंवा हवामानावर अवलंबून असतं तर ते केव्हाच परतले असते. प्लेगची वर्षं त्यांनी तिथे काढली. ज्यांना गावाबाहेर काढलं जाई त्या महारोग्यांसाठी मिरजेत आश्रम निघाला, क्षयाच्या रोग्यांसाठी वानलेसवाडीचं आरोग्यधाम निघालं. त्या काळात या दोन्ही रोगांना खात्रीचं औषध नव्हतं. बरे न होणाऱ्यांजवळ थांबायला सर्जनचं कौशल्य पुरत नाही. रोग्याच्या देहात देवाचा अंश आहे असं मनापासून वाटावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, त्यासाठी ख्रिस्त कशाला हवा? नकोच. डॉ. प्रकाश आमटे १९७३ पासून गडचिरोलीतल्या हेमलकशात राहिले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचा उपचार मुंबईच्या मोठ्या संस्थेत बसून शोधला नाही. कोकणातल्या दवाखान्यात, रोग्याच्या उशाशी रात्र काढून शोधला. आमच्या भाताच्या खाचरांतही विंचू आहे, म्हणून त्यांचं नाव मला जवळचं वाटतं. या दोघांची निष्ठा वेगळ्या मातीतली आहे. पण कुठली तरी निष्ठा असल्याशिवाय माणूस आडगावात टिकत नाही, हे दोन्हीकडून दिसतं.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. आरोग्य हा हक्क आहे, तो संतांच्या भरवशावर सोडायचा नसतो. सरकारने डॉक्टर द्यावा आणि तो हजर असावा, एवढंच पुरे. तत्त्व बरोबर आहे. मात्र सरकारी सेवेच्या बंधपत्राचं वर्ष मोजणारा तरुण डॉक्टर पहिल्या दिवसापासून परतीचा दिवस मोजत असतो, आणि दोष एकट्या त्याचा नाही. त्याच्या मुलांना शाळा नाही, बायकोला नोकरी नाही, हाताखाली भूलतज्ज्ञ नाही. वानलेस यांच्याकडून सरकारने घ्यावं असं काही असेल तर ते इथे आहे. एकट्याने पुरणार नाही हे त्यांनी ओळखलं आणि १८९७ मध्येच मिरजेत वैद्यकाचे वर्ग काढले. त्या पहिल्या वर्गांत प्रामुख्याने ख्रिस्ती तरुणच घेतले गेले, ही त्यांची मर्यादा. पण शिकलेली मुलं इथलीच होती, इथल्या भाषेत रोग्याला विचारू शकणारी होती. शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांतून दहावी-बारावी होणाऱ्या ठाकर आणि महादेव कोळ्यांच्या मुलींना नर्सिंगला, भूलशास्त्राच्या मदतनीसपणाला, पुढे डॉक्टरकीला न्यायचं आणि त्यांना त्यांच्याच तालुक्यात नेमायचं, यासाठी संत लागत नाही. लागते ती वीस-पंचवीस वर्षांची चिकाटी.

आनंदीबाई आणि वानलेस एकाच वर्षी, १८६५ मध्ये, जन्मले. कोल्हापूरच्या दरबारने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर नेमलं होतं. त्या रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी गेल्या. दोन वर्षांनी वानलेस आले आणि कोल्हापुरापासून फार तर पन्नास किलोमीटरवर राहिले. आनंदीबाई जगल्या असत्या तर एकीकडे अट नाकारून आलेली कल्याणची मुलगी आणि दुसरीकडे मिरजेचा हा मिशनरी, दोघांच्याही दारी रोग्यांच्या बैलगाड्या लागल्या असत्या.