मुकी यादी

अब्बांना दिसेनासं झालं तेव्हा मी त्यांच्यासाठी एक मोबाइल अ‍ॅप करायला घेतलं. कुरआन शरीफच्या ११४ सूरहची यादी. नाव निवडलं की आयती आणि त्यांचा मराठी अर्थ. काम साधं होतं, पण माझ्यातला कारागीर जागा झाला.

अँड्रॉइडवर वरखाली सरकणाऱ्या यादीसाठी 'रिसायक्लरव्ह्यू' हा तयार घटक २०१४ पासून आहे. सूरह अल्-बकरामध्ये २८६ आयती आहेत, पण तो २८६ चौकटी बनवत नाही. पडद्यावर मावतील तेवढ्या आणि वर थोड्या, एवढ्याच बनवतो. वर सरकून गेलेली चौकट पुढच्या आयतीसाठी पुन्हा वापरतो. रहाटगाडग्याची रिकामी गाडगी पुन्हा भरून वर यावीत, तसं.

मला ते नको होतं. अक्षरं, सोनेरी वेलबुट्टी, बोट उचलल्यावर यादीचं हळूहळू थांबणं, सगळं माझ्या हातचं हवं होतं. दोन महिने खपून मी प्रत्येक ओळ कोऱ्या पडद्यावर स्वतः रेखाटली. मित्रांनी वाहवा केली.

अब्बांच्या फोनवर टॉकबॅक होतं. बोटाखाली येईल ते वाचून दाखवणारी ती सोय. त्यांनी बोट फिरवलं. फोन गप्प. पुन्हा फिरवलं.

"बेटा, यात काही लिहिलंच नाही का?"

मी रेखाटलेली अक्षरं टॉकबॅकच्या लेखी नुसते रंग होते. तयार यादीतली ओळ आपला मजकूर त्याला स्वतः सांगते. माझ्या चित्रालाही ते शिकवता आलं असतं. त्यासाठी प्रत्येक ओळीची ओळख वेगळी लिहून द्यावी लागते. मला ते सुचलंच नाही, कारण मला दिसत होतं.

स्वतः रेखाटणं चूक आहे असं नाही. नकाशा, आलेख, सुलेखन यांना तयार चौकट पुरत नाही. पण माझी तर साधी यादी होती.

त्या रात्री बसून तयार घटक जोडला. वेलबुट्टी ओळींच्या मागे तशीच ठेवता आली. म्हणजे दोन महिने मी फक्त हट्ट जपला होता.

फजरच्या नमाजनंतर अब्बांनी फोन घेतला. "अल्-फातिहा," फोन बोलला. बोट खाली सरकलं. "अल्-बकरा."

"आता चांगलं झालं," ते म्हणाले. "आधी काय केलं होतंस?"

"चित्र काढलं होतं, अब्बा."