श्रीपेरुंबुदूरची तिसरी वाट

श्रीपेरुंबुदूरला येणाऱ्या माणसांचे सामान्यतः दोन वर्ग पडतात. पहिला भाविकांचा. हे रामानुजाचार्यांचे जन्मगाव. तेव्हा ही मंडळी गाडीतून उतरली की थेट आदिकेशव पेरुमाळांच्या देवळाकडे वळतात. दुसरा वर्ग, २१ मे १९९१च्या रात्री जिथे राजीव गांधींचा अंत झाला ती जागा पाहायला येणाऱ्यांचा. या दोहोंत न बसणारा एक तिसरा वर्ग आहे. तो फार लहान आहे आणि तो गावात शिरतच नाही. चेन्नईहून बंगळूरच्या हमरस्त्याने निघालेला हा प्रवासी गाव यायच्या थोडा अलीकडेच, इरुंगाट्टुकोट्टई नावाच्या ठिकाणी उतरतो. हे नाव न अडखळता उच्चारायला मला दोन दिवस लागले. तोवर मी रिक्षावाल्यांना कागदच दाखवीत असे.

हल्ली इरुंगाट्टुकोट्टई म्हटले की लोकांना ह्युंदाईचा मोटारींचा कारखाना आठवतो. परंतु कारखान्याच्या आधी इथे मोटारी धावू लागल्या होत्या. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने इथे १९९० साली शर्यतीचा ट्रॅक खुला केला. लांबी ३.७ किलोमीटर, वळणे बारा. गंमत अशी, की शहराने मद्रास हे नाव केव्हाच टाकले, पण ट्रॅकने ते सोडले नाही; आता तर तो ‘मद्रास इंटरनॅशनल सर्किट’ म्हणून मिरवतो. आसपास सपाट माळ, बाभळी, दूरवर कारखान्यांची छपरे. आणि ऊन असे, की सकाळी नऊलाच सावलीची किंमत कळावी.

मराठी शिकवणाऱ्या बाईचे इथे काय काम, असे वाचक विचारतील. मी निघाले होते तंजावरला, सरस्वती महालातले मोडी कागद पाहायला. माझा एक जुना विद्यार्थी, कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्याच्या वडिलांचे लेथचे दुकान आहे आणि जो माझ्या विषयात दोनदा गटांगळ्या खाऊन तिसऱ्यांदा तरला, तो इथे एका संघाकडे मेकॅनिक आहे. त्याचा फोन आला, “मॅडम, तंजावरला जाताय तर एक दिवस आमच्याकडं काढाच. पुस्तकातलं काय दिसणार नाही, पण बघण्यासारखं हाय.” नापास केलेल्या विद्यार्थ्याचे आमंत्रण नाकारणे शिक्षकाला जड जाते. मी गेले. तो दिवस शर्यतीचा नव्हता, सरावाचा होता. ते एका परीने बरेच झाले.

इथे धावतात त्या गाड्या आपल्या रस्त्यावरच्या नव्हेत. एका माणसापुरती जागा, चारी चाके अंगाबाहेर उघडी, आणि चालक जवळजवळ उताणा निजलेला. लांबून ती गाडी पाण्यावरच्या निवळीसारखी दिसते. फॉर्म्युला वन नावाचा जगभर चालणारा तमाशा याच जातीच्या गाड्यांचा. पण तिथे एकदम कुणी जात नाही. खाली पायऱ्या असतात. कार्टिंगमधून आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने पहिल्या पायरीवर उभे राहायचे, मग दुसऱ्या. आपल्याकडची अडचण पायरी बांधण्याची कधीच नव्हती. बांधलेली पायरी टिकवण्याची होती आणि आहे. हा सगळा लेख त्या एका गोष्टीपायी लिहिते आहे.

या खेळाचे इथले मूळ पीठ शोलावरम. चेन्नईच्या उत्तरेला, रेड हिल्सच्या पुढे, दुसऱ्या महायुद्धात बांधलेली विमानांची धावपट्टी. महायुद्ध संपले, विमाने गेली, आणि १९५०नंतरच्या दशकात क्लबने त्या धावपट्टीवर मोटारी आणि मोटारसायकली सोडल्या. हजारो लोक उन्हात बसून त्या पाहत. संस्थानिक यायचे, गिरणीमालक यायचे. पुढे विजय मल्ल्यांनी तर एक जुनी फॉर्म्युला वनची गाडीच इथे आणून पळवली. श्रीमंतांचा खेळ तो. श्रीमंतीला त्यात रग होती, दोष देण्याचे कारण नाही. पण ज्याच्या घरी गिरणी नाही त्याच्या पोराने काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर एका गिरणीवाल्यानेच दिले, हे मला फार आवडते. कोइमतूरच्या लक्ष्मी मिल्सच्या घराण्यातले एस. करिवर्धन. ते स्वतः उत्तम चालक होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मारुती ८००चे इंजिन घेऊन एक छोटी एकासनी गाडी तयार केली. इंजिन तीन सिलिंडरचे, ८०० सीसीलाही किंचित कमीच. त्यातून फार वेग निघणार नव्हता. तिचा गुण निराळाच होता. ती गाडी सर्वांना सारखी होती, तुलनेने स्वस्त होती, आणि मोडली तर तिचे भाग बाजारात मिळत. तिचे नाव फॉर्म्युला मारुती. कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन नावाचा मुलगा याच ट्रॅकवर, याच गाडीत पहिल्यांदा शर्यतीला उतरला. २००५ साली तो फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला पहिला भारतीय ठरला. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला त्यांच्या नावाचा ट्रॅक आहे, कारी मोटर स्पीडवे, अवघा २.१ किलोमीटरचा. माझा विद्यार्थी तिथेही जातो. त्याच्या मते तो ट्रॅक लहान आहे, “पण चूक लपवायला जागाच नाही मॅडम, तुमच्या तोंडी परीक्षेगत.”

पुढचा इतिहास मी थोडक्यात आटोपते, कारण तो दिवाळीतल्या पणत्यांसारखा आहे. एक लावावी तोवर दुसरी विझते. कोइमतूरच्याच एलजीबीच्या नावाची एकासनी गाडी आली, आणि ती मात्र टिकली. २०११ साली जेके टायरने बीएमडब्ल्यूची आशियाई मालिका आपल्या नावाने घेतली. ती थोड्याच वर्षांत बंद पडली. एमआरएफने आंतरराष्ट्रीय मालिका उभारली. २०१६-१७च्या हंगामात मायकेल शूमाकरचा मुलगा मिक तिच्यात धावायला आला, आणि २०१८-१९चे विजेतेपद जेमी चॅडविक या इंग्लंडच्या मुलीने नेले. २०२०च्या सुमारास तिचीही आंतरराष्ट्रीय पणती विझली. दिल्लीजवळ बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे साक्षात फॉर्म्युला वन येऊन गेली. कळस तीन वर्षे चमकला, पायऱ्या मात्र तशाच राहिल्या.

आता पुन्हा पायरी बांधली जाते आहे, तिचे नाव फॉर्म्युला फोर. ही कल्पना मूळ जागतिक संघटनेची. इटलीत २०१४ साली तिची पहिली मालिका झाली. नियम जगभर एकच, त्यामुळे इथे मिळालेले गुण तिथे मोजले जातात. फॉर्म्युला वनच्या परवान्यासाठी तीन वर्षांत चाळीस गुण लागतात. फॉर्म्युला फोरच्या विजेत्याला त्यांतले बारा मिळू शकतात. भारतात तिची घोषणा आधी झाली, मुहूर्त टळला, आणि पहिला हंगाम पार पडला तो २०२३ साली. गाडी फ्रान्सच्या मिगाल कंपनीची, कार्बन फायबरच्या कवचाची, डोक्याभोवती रक्षक कडे असलेली. पहिला विजेता ऑस्ट्रेलियाचा कूपर वेब्स्टर. २०२४चा, दक्षिण आफ्रिकेचा अकील अलीभाई.

आपल्या मालिकेत परक्यांनीच बाजी मारावी, याची काहींना खंत वाटते. मला वाटत नाही. आखाड्यात बाहेरचा मल्ल आला नाही तर गावच्या पैलवानाला आपली ताकद कळायची कशी? कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

विद्यार्थ्याने मला पिटमध्ये एका टायरच्या चळतीजवळ बसवले. तिथल्या लोकांनी मला कुणाची तरी आई ठरवले आणि आदराने पाणी आणून दिले. तो स्वतः चाकांच्या नट-बोल्टांवरून पाना फिरवीत होता. प्रत्येक बोल्ट ठरलेल्या ताणापर्यंत आवळायचा, वर खडूने खूण करायची, आणि पुन्हा पहिल्यापासून तपासायचे. शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा असा छळ करणारा हाच का तो मुलगा, असे मनात आले. गाडी दोन-तीन फेऱ्या मारून परत येई. मग एक इंजिनियर पडद्यावर दोन रेघा एकावर एक टाकी. एक रेघ सर्वांत वेगवान मुलाची, दुसरी याची. “हे बघा,” विद्यार्थी म्हणाला, “हा वळणाच्या लई आधी ब्रेक धरतोय. भीती नव्हं ती. टायर गरम झालाय का नाही, त्याचा भरवसा नाही त्याला. तेवढं कळायलाच दिवस पाहिजेत. आणि दिवसाचे पैसे पडतात.”

ज्याची रेघ मागे पडत होती तो मुलगा तासगावचा, वय पंधरा. कार्टिंग शिकला कोल्हापूरला, मोहित्यांच्या ट्रॅकवर. वडील बेदाण्याचे व्यापारी. घडीच्या खुर्चीवर बसलेले, मांडीवर डबा. मी मराठीची शिक्षिका आहे हे कळल्यावर ते खुर्ची ओढून जवळ आले. एका हंगामाचा खर्च त्यांनी हळू आवाजात सांगितला. मी मनातल्या मनात तो माझ्या पगाराने भागला आणि भागाकार अर्ध्यावर सोडून दिला.

“मॅडम, दहावीचं वर्ष हाय ह्याचं,” ते म्हणाले. “घरात रोज भांडण. द्राक्षाचं एक बरं असतं बघा. बाग गेली तर पुढल्या साली पुन्हा छाटणी करता येती. ह्याचं पंधरावं वर्ष गेलं, तर ते मी कुठनं आणू?”

“परीक्षा फेब्रुवारी-मार्चात असते, हे मी खात्रीने सांगू शकते,” मी म्हणाले. “यांची शर्यत केव्हा?”

“त्येच तर. तारखा लागंनात.”

इथे सगळे मर्म आले. बोर्डाचे वेळापत्रक आम्ही शिव्या देत देत पाळतो. पण ते लागते, आणि ते लागणार हे तासगावपासून गडचिरोलीपर्यंत सर्वांना ठाऊक असते. खेळाची मालिका गाजावाजाने सुरू करणे सोपे. दहा वर्षे, त्याच महिन्यात, तीच गाडी, तोच नियम ठेवणे कठीण. आणि बापाला घरचे भांडण मिटवायला तेवढेच हवे असते. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला, बंगळूरच्या कुश मैनीने २०२५ साली मोनॅकोत शर्यत जिंकली. दोघेही बहुतांशी युरोपात घडले. ज्यांना घर विकल्याशिवाय युरोप परवडत नाही, त्यांच्यासाठी ही इरुंगाट्टुकोट्टईची पायरी आहे. मी त्या गृहस्थांना एवढेच म्हटले, की मुलाला दहावीला बसवा आणि गाडीतही बसवा. दोन्ही जमत नसेल तर अभ्यास वर्षभर मागे टाकता येतो, तोही छाटणीसारखाच आहे. आमच्या प्राचार्यांच्या कानावर हे गेले तर मला खुलासा द्यावा लागेल. असो.

दुपारी मुलाने हेल्मेट काढले तेव्हा त्याचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. वडिलांनी डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मलाही अर्धी मिळाली. पुढच्या फेरीत त्याची रेघ थोडी सरकली. किती, ते मला कळले नाही. पण माझ्या विद्यार्थ्याने पाना खिशात घालून टाळी वाजवली, आणि बाप उगीचच डब्याचे झाकण लावू-काढू लागला.

दुसऱ्या दिवशी तंजावरची गाडी सुटायला वेळ होता, म्हणून मी आयलंड ग्राउंड्सकडे गेले. ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ला याच भागातल्या रस्त्यांवर, दिव्यांच्या झगझगाटात, रात्री शर्यती झाल्या. त्या खरे तर २०२३च्या डिसेंबरात व्हायच्या. मिचाँग वादळाने शहर पाण्यात घातले आणि त्या पुढे गेल्या. शहराच्या रस्त्यावर असले काही करावे की नाही यावर वाद झाला, उच्च न्यायालयापर्यंत गेला. रुग्णालयाला जाणारा रस्ता अडवून कुणी शर्यत करू नये, हे मलाही मान्य आहे. तरीही, माळावरचा खेळ एकदा शहराच्या दारात आला, तिकीट न काढणाऱ्यांनीही त्याचा आवाज ऐकला, हे मला वाईट वाटत नाही.

साडेतीन किलोमीटरचा तो मार्ग मी जमेल तेवढा पायी चालले. शिवानंद सालईवर बसगाड्यांची रांग, नेपियर पुलावर समुद्राचा वारा, खाली कूवम नदीचा तो सुप्रसिद्ध वास. पुलावर थांबले असता विद्यार्थ्याचा फोन आला. तासगावचे बापलेक रात्रीच्या गाडीने परत निघाले होते. मुलाच्या बॅगेत बीजगणिताचे पुस्तक होते, ते पिटमध्येच राहिले. कुरिअरने पाठवू का, असे तो विचारीत होता. मी म्हटले, पाठव, आणि पुढच्या शर्यतीची तारीख लागली की तीही कळव. “तुम्ही येणार व्हय मॅडम?” तो म्हणाला. मी तिकिटावरची वेळ पाहिली आणि स्टेशनसाठी रिक्षा शोधू लागले.