माझा विरोध का मावळला

वाइनधंद्याला मिळणाऱ्या सरकारी सवलतींना माझा कडक विरोध होता. २००१ साली महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क उभे राहिले, तेव्हा मी इथे कोकणातल्या रेडीत तावातावाने म्हणायचो की शेतकऱ्याचं नाव पुढे करून दारूच विकायची आहे. दारूपायी धुळीला मिळालेले संसार आमच्या किनारपट्टीवर मी पाहिलेत. त्यामुळे हे मत सहजी बदलणारं नव्हतं.

ते बदललं नाशिकच्या बागा जवळून पाहिल्यावर. खायच्या द्राक्षाचा मणी टपोरा, एकसारखा, बिनडागी लागतो. अवकाळी पावसाने मणी तडकले की व्यापारी भाव पाडतो. पाऊस वाइनच्या द्राक्षालाही बाधतोच, पण तिथे रूप कोणी पाहत नाही. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉन यांचे मणी बारके, जाड सालीचे, बियांचे. मोजतात ती साखर आणि आंबटपणा, आणि करार असेल तर दर आधीच ठरतो.

लाल वाइनचा रस सालीबियांसकट आंबवतात. साली वर येऊन जाड थर धरतात. खालचा रस उपसून पुन्हा पुन्हा त्या थरावर सोडतात, तेव्हा कुठे रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. हे सगळं शेतमालाच्या जिवावर चालतं, आणि पीक हलकं असेल तर टाकीत काही चमत्कार होत नाही. शेतकऱ्याला इतकं धरून असलेला दुसरा प्रक्रियाधंदा मला माहीत नाही.

नाशिकने फटकेही खाल्ले. २००८-०९च्या मंदीत कित्येकांचा माल वायनरींनी उचलला नाही, काहींनी वेली उपटल्या. तरीही वाइनचा प्रदेश म्हणून नाशिक टिकलं, ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं.

मग माझं लक्ष आमच्या काजूकडे गेलं. हंगामात आम्ही बोंडू पिरगळून बी काढतो आणि बोंडू झाडाखाली टाकतो. बीच्या कितीतरी पट वजनाचं हे रसाळ फळ दिवसभरात आंबून जातं, चिलटं घोंगावतात. रेडीची हद्द संपली की गोवा. तिथे याच रसाची हुर्राक आणि फेणी होते, आणि फेणीला २००९ साली मानांकनही मिळालं. बोंडूचा रस घसा धरतो, पण शिजवलेला साबुदाणा घालून तो निवळता येतो आणि त्याची वाइन करता येते. तिकडे उत्तर कोकणात बोर्डीला चिकूची वाइन होते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जाती देऊन आमच्या बागा बदलल्या, आता बोंडूच्या वाइनला बाजारपेठ मिळवून द्यायला सरकारने हात दिला पाहिजे.

मी स्वतः आजही पीत नाही, आणि व्यसनाची धास्ती तसूभरही कमी झालेली नाही. म्हणून माझा पाठिंबा अटींवर आहे. बोंडूचा दर हंगामाआधी लेखी ठरावा. खरेदीदार एकापेक्षा जास्त असावेत, म्हणजे नाशिकची मंदी इथे पुन्हा भोगावी लागणार नाही. आणि या धंद्यातून येणाऱ्या महसुलाचा ठरावीक वाटा याच तालुक्यात व्यसनमुक्तीवर खर्च व्हावा. एवढं होणार असेल, तर रेडीत पहिली वायनरी उभी करण्यासाठी ग्रामसभेत पहिला हात मी वर करीन.