शिळा पेपर आणि ताजी घाई

आमच्याकडे पेपर शिळाच येतो. सध्या जिथे पोस्टिंग आहे त्या जागेचं नाव लिहीत नाही, माजी सैनिक वाचकांना त्याची सवय आहे. सेला खिंडीच्या पलीकडे कुठेतरी, बुखारीभोवती चार खुर्च्या मांडलेली एक मेस, एवढं पुरे. गुवाहाटीहून निघालेला पेपर तेजपूरला मुक्काम करतो आणि रेशनच्या गाडीत बटाट्याच्या पोत्यांना टेकून वर येतो. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाला, तेव्हापासून बर्फातही गाडी चालते. त्यामुळे हल्ली पेपर तीनच दिवसांचा शिळा असतो. पूर्वी खिंड बंद झाली की आठवड्याचा गठ्ठा एकदम यायचा, आणि मग सोमवार आधी वाचायचा की रविवार यावर मेसमध्ये वाद व्हायचे.

मराठी पेपर वेगळ्या वाटेने येतो. घरून केअर ऑफ ९९ एपीओ या पत्त्यावर फराळाचा डबा निघतो. चकल्या फुटू नयेत म्हणून डब्यात पेपर कोंबलेला असतो. तो माझ्या हाती येईपर्यंत तीन आठवडे झालेले असतात आणि तेलाने अग्रलेख आरपार दिसायला लागलेला असतो. पारदर्शक कारभार म्हणतात तो बहुधा हाच.

फोन आहे की, असं कोणी म्हणेल. आहे. मेसच्या मागच्या टेकाडावर, वारा बरा असेल तर, चालतोही. पण शिळ्या पेपरची मला आता चटक लागली आहे. खडकवासल्याला पहिल्या टर्ममध्ये असताना सकाळी सीनियरसमोर सावधानमध्ये उभं राहून हेडलाइन्स म्हणून दाखवाव्या लागायच्या. तेव्हा बातम्या पाठ व्हायच्या, कळायच्या नाहीत. पेपर वाचायला मी शिकलो तो फील्डमध्ये, शिळा पेपर हातात आल्यावर.

करून बघा. तीन दिवसांपूर्वीचा पेपर घ्या. ‘आजचा दिवस निर्णायक’ असं छापलेलं असतं. तो दिवस येऊन गेलेला असतो आणि काहीही निर्णय झालेला नसतो. ‘करो या मरो’च्या सामन्यात कोणी काही केलेलं नसतं आणि कोणी मेलेलंही नसतं. शेअर बाजार ‘कोसळला’ असतो, आणि तुम्ही वाचेपर्यंत उठून, कपडे झटकून परत वर गेलेला असतो. या गाळणीतून जे उरतं ते फार थोडं असतं. कुठल्या तालुक्यात टँकर सुरू झाले, कांद्याला काय भाव मिळाला, कुठली भरती निघाली. चकलीच्या डब्यातल्या पेपरात तर त्याहून कमी उरतं. पण उरतं ते खरं असतं.

तेव्हापासून प्रत्येक बातमीला, जाहिरातीला आणि फोनला मी एकच प्रश्न विचारतो. ही मला घाई करायला सांगते आहे का? आणि सांगत असेल, तर माझ्या घाईत फायदा कोणाचा?

पैशाचंच बघा. आमच्या जेसीओ आणि जवानांचा एएफपीपी फंड असतो, ऑफिसरांचा डीएसओपी. २०२० सालापासून त्यांचं व्याज ७.१ टक्क्यांवर बसून आहे. जागचं हलत नाही, पहाऱ्यावरच्या चांगल्या संत्रीसारखं. त्या दराने पैसे साधारण दहा वर्षांत दुप्पट होतात. पण ‘माझा एएफपीपी दुप्पट झाला’ असं व्हॉट्सॲप स्टेटस मी आजवर पाहिलेलं नाही. दुप्पट व्हायला दहा वर्षं लागली तर त्याची बातमी होत नाही. दहा मिनिटांत झाले, तर होते.

आणि दहा मिनिटांत अर्धे झाले, तर माणूस कोणाला सांगत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये खेळणाऱ्या सामान्य माणसांचा हिशोब छापला. त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून जास्त लोक या व्यवहारात उतरले आणि त्यांतल्या शंभरातल्या ९३ जणांनी पैसे घालवले. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. ही बातमी मी तीन दिवस उशिरा वाचली. ती शिळी झालेली नव्हती, आजही नाही.

कारण त्या ९३ मधला एक माझ्यासमोर बसला होता. त्याचं नाव, गाव, ट्रेड काही सांगत नाही. नाईक आहे, हाताखालच्या पोरांना सांभाळून घेणारा, फायरिंगला पक्का. रजेवरून परत आला तेव्हापासून जेवणावर लक्ष नव्हतं. सुबेदार मेजर साहेबांच्या नजरेतून अशी गोष्ट सुटत नाही. ते म्हणाले, “सर, लड़का ठीक नहीं है, आप बात कर लो।” इंटरव्ह्यूला आला, पंधरा मिनिटं ‘सब ठीक है सर’ म्हणत राहिला आणि मग एकदम रडला. साडेसात लाख गेले होते. त्यातले दोन स्वतःचे, बाकी दोन पर्सनल लोन. पहिलं लोन कमवायला काढलेलं, दुसरं पहिलं लोन फेडायला. घरी कोणालाच माहीत नव्हतं.

मी विचारलं, “शिकलास कुठे हे?”

“सर, फोनवर. ग्रुपमध्ये रोज सकाळी मेसेज यायचा, सव्वानऊच्या आत घ्या, नंतर चान्स नाही.”

मागे एवढा हिशोब नाही, फक्त सव्वानऊच्या आत. संत्रीला आपण शिकवतो की अंधारात काही हललं तर आधी ललकार, ओळख पटव, मग पुढचं. इथे ललकारच नव्हती. आम्ही त्या दिवशी त्याला रागावलो नाही. रागवून लोन फिटत नाही. कागद-पेन घेऊन बसलो. पगार किती, हप्ते किती, घरी किती पाठवायचे. साडेतीन वर्षांचा तक्ता झाला. शेवटी एकच अट घातली, बायकोला तू स्वतः सांगायचं, या रजेत. गेला तेव्हा बंदुकीपेक्षा जड काहीतरी घेऊन निघाल्यासारखा चालत होता. परत आला आणि म्हणाला, “सर, ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तक्ता दाखवा.” अजून एकोणतीस हप्ते बाकी आहेत.

मला काळजी वाटते ती अशा पोरांची, आणि त्याहून जास्त पेन्शनला निघालेल्यांची. आपला जवान चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो. कम्युटेशन, ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्स सगळं मिळून आयुष्यात पहिल्यांदा एवढी मोठी रक्कम एकाच महिन्यात खात्यात पडते. अग्निवीर तर चार वर्षांनी, पंचविशीच्या आतबाहेर, सेवा निधीचे ११.७१ लाख घेऊन निघणार. गावात ही बातमी माणसाच्या आधी पोचते. प्लॉटवाला, स्कीमवाला, लांबचा मामा, सगळ्यांना अचानक आठवण होते. आणि सगळ्यांची ऑफर महिनाअखेरच संपणारी असते.

आता तंत्रज्ञानाकडे येतो. नवं ते वाईट, असं मी म्हणणार नाही. आज पोस्टवरचा जवान आईच्या खात्यात चार सेकंदांत पैसे टाकतो. त्याच्या बापाने मनीऑर्डर केली असती तर ती पोस्टमन, दिवाळीची पोस्त आणि पावसाळा ओलांडून पोचायची. मी नवा लेफ्टनंट होतो तेव्हा तार चालू होती. ‘मदर सिरियस कम सून.’ जुन्या वाचकांना हसू आलं असेल. कापणीच्या दिवसांत कंपनीतल्या निम्म्या माता एकदम सिरियस व्हायच्या. एका शिपायाची आजी माझ्या डोळ्यांदेखत तीनदा वारली. माझे कंपनी कमांडर प्रत्येक वेळी त्याला सोडायचे. म्हणायचे, दोन वेळा खोटी असेल, तिसऱ्यांदा खरी असली तर मी काय तोंड दाखवू? तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि आजीबाईंना विश्रांती मिळाली. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात मिसळून गेलं. नावातच आता स्पीड. हळू जायची सोय संपली.

तारेतली घाई निदान रजेपुरती होती. आताच्या फोनमधली घाई घर पुसून नेते. आमच्या एका हवालदारांच्या घरी, सातारा जिल्ह्यात, व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दी, मागे भिंतीवर राजमुद्रा, टेबलावर फायली. “तुमच्या मिस्टरांच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. तुम्ही डिजिटल अटकेत आहात. कॉल बंद करायचा नाही, कोणाला सांगायचं नाही, खात्यातले पैसे तपासणीसाठी या नंबरवर पाठवा.” वहिनी घाबरल्या. पण अठरा वर्षं फौजीशी संसार केलेला. त्या म्हणाल्या, “मालक पुढच्या पोस्टवर गेलेत. चार दिवसांनी फोन लागतो. तेव्हा इचारून सांगते.” समोरचा ओरडला, आत्ताच्या आत्ता, नाहीतर गाडी पाठवतो. त्यावर वहिनी, “पाठवा की. चहा टाकते.” कॉल कटला.

हवालदारांनी हा किस्सा लंगरमध्ये सांगितला तेव्हा सगळे हसले. मला त्यात धडा दिसला. त्या बाईंना कायद्याचं कलम माहीत नव्हतं, सायबर शब्द माहीत नव्हता. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून याबद्दल सावध केलं होतं, हेही त्यांच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. त्यांना फक्त वाट बघायची सवय होती. फौजीच्या बायकोइतकी वाट बघायची प्रॅक्टिस या देशात कोणाला आहे? नेमक्या त्याच प्रॅक्टिसने घर वाचलं.

वाट बघण्यावरून एका चित्राची बातमी आठवली. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेनांचं ‘ग्राम यात्रा’ १.३८ कोटी डॉलरला, म्हणजे जवळपास ११८ कोटी रुपयांना गेलं. हुसेन आपल्या पंढरपुरात जन्मलेले, मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून दिवस काढलेले. हे चित्र १९५४ चं. तेव्हा दिल्लीत कामाला आलेल्या एका डॉक्टरांनी ते विकत घेतलं, नॉर्वेला नेलं, आणि पुढे कित्येक दशकं ते ऑस्लोच्या एका इस्पितळाच्या भिंतीवर होतं. खाली जाते, गाडी हाकणारे, मुलाला घेतलेली बाई, असं आपलं खेडं. आणि समोरून जाणारे नॉर्वेचे डॉक्टर.

पेपरातला तो फोटो मी सुबेदार मेजर साहेबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. “सर, गाँव तो सही बनाया है। पर गाँव वालों को इसमें से क्या मिला?” कलासमीक्षकांना हा प्रश्न सुचल्याचं मी वाचलेलं नाही. मी त्यांना सांगितलं की विक्रीचे पैसे तिथल्या तरुण डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला जाणार आहेत. “फिर ठीक है,” म्हणाले आणि ११८ कोटींचा व्यवहार मंजूर केला.

किंमत सोडा. मला त्यातली सत्तर वर्षं आवडली. भिंतीवरचं चित्र कोणाला घाई करत नाही. आमच्या लंगरच्या भिंतीवरही एक चित्र आहे. प्रत्येक युनिटमध्ये एक आर्टिस्ट असतो, गेटवरचा वाघ त्याचाच आणि तो नेहमी थोडा मांजरासारखा दिसतो. आमच्या आर्टिस्टने मागच्या हिवाळ्यात, बर्फाने काम बंद होतं तेव्हा, उरलेल्या सरकारी रंगात आपलं गाव काढलं. रंग दोनच होते, हिरवा आणि खाकी, त्यामुळे म्हशी खाकी आहेत. पोरं जेवताना त्याच्याकडे बघतात, कोणी म्हणतं विहीर आमच्याकडे डावीकडे असते. त्या दोन मिनिटांत कोणाचाही हात फोनकडे जात नाही. त्याचा लिलाव होणार नाही. पुढचं युनिट आलं की बहुधा चुना मारतील.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे साहेब, सगळं हळूच करायचं? नाही. एका ठिकाणी घाई करायचीच. पैसे फसवणुकीत गेले, तर लाजेने दोन दिवस गप्प बसू नका. त्याच मिनिटाला १९३० लावा आणि बँकेला कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातात, आणि जितक्या लवकर सांगाल तितकी ते मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त. आपली माणसं नेमकं उलट करतात. पाठवताना घाई, सांगताना उशीर. आमचा नाईक सात महिने गप्प होता.

म्हणून माजी सैनिक वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात या वर्षी कोणी पेन्शनवर येणार असेल, तर सत्काराच्या नारळाबरोबर त्याला एवढं सांगा, की पहिले सहा महिने रक्कम हलवू नकोस. फंडात, बँकेत, जिथे आहे तिथे झोपू दे. आणि जो कोणी म्हणेल की आजच्या आज, त्याला चहा टाकतो म्हणून सांग.

जय हिंद.