पाण्याला वाट, गाडीला वाट

पनवेलहून पूर्वेला पाहिले की प्रबळगड दिसतो आणि त्याच्या मागे माथेरानची सपाट धार. पायथ्याच्या धोदाणी गावची माणसे आजही आपल्या बाजूने पायीच वर जातात. माथेरानच्या गाडीचे रूळ आहेत ते डोंगराच्या पलीकडच्या, नेरळच्या अंगाला.

*

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट वर गेले आणि साहेबलोकांना थंड हवेची जागा सापडली. पण नेरळला उतरल्यावर पुढे घोडा, पालखी नाहीतर पाय. मुंबईचे व्यापारी आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, मुलगा अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतले. १९०४ ते १९०७, खर्च सुमारे १६ लाख रुपये. एका कुटुंबाने आपल्या पैशाने डोंगरावर रेल्वे चढवली, याचे मला फार अप्रूप वाटते.

*

दोन फुटी रूळ, लांबी सुमारे २१ किलोमीटर. काही ठिकाणी चढ २० मीटरला एक मीटर. निलगिरीच्या रेल्वेला मधोमध दातेरी पट्टी आहे, इथे तीही नाही. सगळी भिस्त वळणांवर. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची वाफेची इंजिने म्हणूनच निवडली. त्यांचे टोकाचे आस वळणावर बाजूला सरकत.

*

बंद पडल्याच्या तारखा एकाखाली एक मांडल्या. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला. गाडी सुरू झाली ती २००७ मध्ये, शताब्दीच्या वर्षी. मे २०१६ मध्ये डबे घसरले, पुन्हा खंड. २०१९ च्या पावसात रुळांखालची जमीन गेली. नेरळहून गाडी निघाली २२ ऑक्टोबर २०२२ ला. तीनपैकी दोनदा घात पावसाने केला.

*

२०२२ च्या आधी काय केले? काँक्रीटचे स्लीपर, नवी गटारे, जाळीत दगड भरून उभारलेल्या गॅबियन भिंती, दरीच्या कडेला कठडे. फोटोत यातले काही येत नाही. गाडी मात्र त्यावरच उभी आहे.

*

दार्जिलिंग १९९९, निलगिरी २००५, कालका-शिमला २००८: या तिन्ही डोंगरी रेल्वेंना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. माथेरान संभाव्य यादीत आहे. मान मिळावा ही माझीही इच्छा आहे, पण दरडीवरचे दगड प्रमाणपत्राने थांबत नाहीत.

*

खासगी मोटारी गावाबाहेर दस्तुरी नाक्याला थांबतात. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, तरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत शटल चालते. गुडघे दुखणाऱ्या आजीला, बाजार घेऊन परतणाऱ्या घराला ती हवीच असते. पर्यटकांची खेळणागाडी ही गावाची रोजची सोय आहे.

*

नेरळला जुने वाफेचे इंजिन जपून ठेवले आहे. त्याला रंग पुरतो. चालत्या मार्गाला दर मे महिन्यात फावडे लागते: गटारे उपसणे, सुटलेले दगड काढणे, खडी नीट करणे. वारशासाठी येणाऱ्या पैशातला पहिला वाटा या कामाला आणि ते करणाऱ्या ट्रॅकमनना मिळावा. डब्यांची सजावट त्यानंतर.