औंढ्याचा वाडा आणि त्यातील बिऱ्हाडे

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ या गावी येणाऱ्याची दृष्टी प्रथम देवालयाकडे जाते. खालचा भाग यादवकालीन हेमाडपंती बांधणीचा, काळ्या कोरीव दगडाचा. त्यावर पुढील काळात चढविलेले निराळ्या घडणीचे शिखर. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले, ही आख्यायिका येथे आजही श्रद्धेने सांगितली जाते. खाली एक काळ आणि वर दुसरा, ही रीत मात्र देवळापुरती नाही. मराठवाड्यातील जुने वाडेही असेच वाढले आहेत. दगडी जोते आजोबांचे, सागवानी खांब व तुळया त्यांच्या वडिलांच्या वेळच्या, वरचा विटांचा मजला मुलाचा आणि मागील पत्र्याची पडवी नातवाची.

अशा वाड्यात एकच कुटुंब क्वचित आढळते. भाऊ विभक्त झाले, कोणी नांदेडला, कोणी पुण्यास गेले आणि रिकाम्या खणांत भाडेकरू आले. रस्त्याकडील ढाळजेत फुलहार-प्रसादाचे दुकान, ओसरीवर शिंप्याचे यंत्र, माजघरामागे शिक्षकाचे बिऱ्हाड, वरच्या माडीवर एखादे मुसलमान कारागिराचे कुटुंब, अशी वस्ती तीर्थाच्या गावास शोभणारीच. जिना एक, चौक एक, आडही एकच.

हळद-धान्याच्या व्यापारातील कुटुंबास अशा वाड्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. हिंगोली व वसमत या हळदीच्या बाजारपेठा जवळ आहेत, श्रावणात आणि महाशिवरात्रीस यात्रा भरते, आणि वसमतच्या वाटेवरील शिरड शहापूर येथे भगवान मल्लिनाथांचे दिगंबर जैन क्षेत्र आहे. त्यात याच तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार असून एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांस मान्यता दिली. विक्रेत्याने तिचे नाव घेऊन भाव चढविला, तर ग्राहकाने इतकेच आठवावे की गुरुत्वीय लहरी मोजणाऱ्या यंत्रास शांतता लागते, गजबज नव्हे.

खरी परीक्षा कागदांची. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जुने दस्त उर्दूत आणि फसली सनात निघतात. त्या सनात साधारण ५९० मिळविले की इसवी सन येतो. जाणकाराकडून ते वाचून घेतल्याविना इसार देऊ नये. पूर्वीच्या ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा नगरपंचायतीची करपावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. ती कर कोण भरतो एवढेच सांगते. तीर्थाच्या गावी जागा देवस्थान इनामाची तर नाही, हेही तहसील कार्यालयात पाहणे अगत्याचे.

त्याहून गुंतागुंतीचा प्रश्न वारसांचा. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद ठरली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये तिचा हक्क वडील हयात असण्यावर अवलंबून नसल्याचे स्पष्ट केले. म्हणून ‘बहिणींचे काही म्हणणे नाही’ हे विक्रेत्याचे तोंडी वाक्य निरुपयोगी होय. सह्या खरेदीखतावर हव्यात, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. एकाच भावाचा अविभक्त हिस्सा स्वस्तात मिळतो म्हणून घेणारा तर स्वतःहून अडचणीत शिरतो. राहत्या घराचा हिस्सा घेणाऱ्या परक्यास कुटुंबाबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही. तो वाटणीस कोर्टात गेला, तर घरच्यांना त्याचाच हिस्सा विकत घेण्याची मुभा आहे. रोखीची सवय असलेल्यांनी हेही ध्यानी घ्यावे की स्थावर व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारता येत नाही. स्वीकारणाऱ्यास तेवढाच दंड होऊ शकतो.

भाडेकरूंविषयी विक्रेता म्हणतो, ‘खरेदी झाली की आठ दिवसांत रिकामे करून देतो.’ अनेक व्यवहार येथेच नासतात. घर विकले म्हणून भाडेकरी संपत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येतो, एवढेच. हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा जाऊन ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. तो गावास लागू आहे की नाही, हे वकिलाकडून लेखी घ्यावे. त्यावर पुढचे सारे ठरते. चाळीस वर्षे एका खोलीत राहिलेल्या वृद्धेस निघण्यास सांगण्याचे काम विक्रेत्याने नव्या मालकाच्या माथी मारलेले असते आणि किमतीत ते कोठेच लिहिलेले नसते.

आहाराचा प्रश्नही आधीच मनाशी सोडवावा. समाईक चौकात एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या ओसरीत येणारच. सूर्यास्तापूर्वी भोजन आणि गाळलेले पाणी हे ज्यांचे नियम, त्यांनी शेजाऱ्याचे ताट सहन होईल काय हे खरेदीपूर्वी घरातील स्त्रियांना विचारावे. घर घेतल्यानंतर जुन्या बिऱ्हाडास त्याच्या अन्नावरून घालविणे न्यायाचे नव्हे. स्वतंत्र जिना काढून व स्वयंपाकघर मागे नेऊन हा तिढा पुष्कळदा सुटतो.

शेवटी माळवद. लाकडी पाटणावर पांढऱ्या मातीचा जाड थर उन्हाळ्यात गारवा देतो, पण तो अतिशय जड असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती व अशी जड छपरेच पुष्कळांवर कोसळली. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यासही ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. तेव्हा अभियंत्यास वर चढवून तुळयांची टोके भिंतीत कुजली आहेत काय, हे टोकरून पाहणे आवश्यक. पाहणी पावसाळ्यात करणे उत्तम. विक्रेता पुण्यात राहतो. कोणत्या खणात पाणी गळते, कोणती भिंत ओल धरते आणि रात्री कोठे माती झडते, हे माडीवरच्या कारागिरास आणि त्या वृद्धेसच ठाऊक असते.