वाटाड्या

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याचे गुडघे माझ्यासारखेच दुखत असले पाहिजेत, असा संशय मला अलीकडे येऊं लागला आहे. तरुणपणीं ह्या म्हणीचा मला रागच येई. धाराशिवला आमच्या गच्चीवरून बालाघाटाची रांग दिसते. तिला उंच सुळके नाहींत. सुतारानें रंधा फिरवावा तसा तिचा माथा सपाट आहे, आणि फाल्गुन लागला कीं तिच्यावर गवताची काडीहि हिरवी राहत नाहीं. दुरून साजरा दिसण्याचा गुण ह्या डोंगरांत मुळींच नाहीं. त्याची ओळख करून घ्यावयाची तर त्याच्या अंगाखांद्यावरच गेलें पाहिजे. मी जात असें. धाराशिव लेण्यांच्या घळींत, येडशीच्या रामलिंगाभोंवतालच्या रानांत, आणि दर वर्षीं आश्विनांत पायीं तुळजापूरच्या वाटेवर मीं इतकी पायपीट केली आहे कीं, माझें निम्में शिक्षण महाविद्यालयांत आणि निम्में बालाघाटांत झालें, असें मी अभिमानानें सांगत असें.

पन्नाशी उलटली आणि हा अभिमान गुडघ्यांनीं उतरविला. डॉक्टरांनीं चढ-उतार वर्ज्य केले. छप्पन्नाव्या वर्षीं माझी मजल घरापासून महाविद्यालयापर्यंत आणि महाविद्यालयापासून घरापर्यंत, एवढीच उरली. डोंगर दुरूनच पाहावे लागूं लागले; आणि आश्चर्य असें कीं, ते साजरे दिसूं लागले!

अशा स्थितींत मी असतांना, गेल्या मार्गशीर्षांत, पुण्यास नोकरी करणाऱ्या माझ्या मुलानें मला आमंत्रण दिलें. “बाबा, डोंगरावर जायला पायच लागतात असं थोडंच आहे?” तो म्हणाला. “पवना धरणाच्या बाजूला क्वाड बाइकवरून डोंगर दाखवून आणतात. पुढं गाइड असतो. आपण नुसतं त्याच्या मागं जायचं.”

‘गाइड’ हा शब्द ऐकतांच माझ्या मनांत त्याच्या जागीं आपला जुना ‘वाटाड्या’ येऊन उभा राहिला. परीक्षेच्या बाजारांत ‘गाइड’ ह्या शब्दाला जो वास लागला आहे तो मला सोसत नाहीं, हें एक कारण. आणि वाटाड्या ह्या शब्दामागें मोठा इतिहास आहे, हें दुसरें. जुन्या गांवगाड्यांत परक्या वाटसरूला किंवा सरकारी अंमलदाराला पुढच्या गांवच्या शिवेपर्यंत पोंचविण्यास गांवानें माणूस द्यावयाचा असे. ज्यांना गांवानें वेशीबाहेर ठेवलें होतें त्यांच्याच गळ्यांत हें काम वेठ म्हणून बांधलेलें असे. वाट ज्यांना सर्वांत अधिक ठाऊक, त्यांनाच वाटेंत सर्वांत कमी मान! असो.

क्वाड बाइक म्हणजे काय हें माझ्या समवयस्क वाचकांना सांगितलें पाहिजे. फटफटीचें हँडल, घोड्यासारखें मांड टाकून बसावयाचें आसन, आणि भोपळ्यासारखीं फुगलेलीं चार जाडजूड चाकें, असें हें वाहन आहे. चाकांत हवा मुद्दाम कमी भरतात. त्यामुळें चाक दगडाशीं भांडत नाहीं, त्याला पोटाशीं घेतें. १९७० च्या सुमारास होंडा ह्या जपानी कंपनीनें अशी तीन चाकांची गाडी अमेरिकेंत विकावयास आणली. ती वळणावर उलटते असा अनुभव आला. पुढें १९८० नंतर सुझुकीनें चौथें चाक दिलें, आणि १९८८ सालीं अमेरिकेंत नव्या तीनचाकीची विक्री थांबली. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया ह्या देशांत शेतकरी तिच्यावर बसून मेंढरें वळतात. मात्र चौथें चाक मिळालें म्हणून ती अगदीं सालस झाली असें नव्हे. ऑस्ट्रेलियांत तिच्या अपघातांत इतकीं माणसें दगावलीं कीं, गाडी उलटली तरी खालचा माणूस चिरडूं नये म्हणून शेतकामाच्या नव्या गाड्यांना संरक्षक चौकट लावणें २०२१ पासून तेथें सक्तीचें झालें. आपल्याकडे रस्त्यावरची गाडी म्हणून तिला सहसा कोणी नोंदून घेत नाहीं. म्हणून ती डोंगराच्या पायथ्याशीं पत्र्याच्या छपराखालीं हौशी माणसांची वाट पाहत उभी असते.

बिनरस्त्याच्या मुलखांत चाकें घालण्याची ही कल्पना परकी आहे असें मात्र मला म्हणवेना. आमच्या जिल्ह्यांतलें तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या ग्रंथांत, तगराचा माल गाड्यांवर लादून मोठमोठ्या बिनरस्त्याच्या प्रदेशांतून भडोचच्या बंदरास नेत, असा उल्लेख आहे. आमचे पूर्वज हा उद्योग एकोणीसशें वर्षांपूर्वींच करून बसले होते, अशी मीं पत्नीची आणि स्वतःची समजूत घातली; आणि बार्शी, टेंभुर्णी, इंदापूर करीत पुणें गांठलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही बापलेक पवनेच्या कांठीं हजर झालों.

आमचा वाटाड्या एकवीस-बावीस वर्षांचा, शेलाट्या अंगाचा, काळासांवळा मुलगा होता. त्यानें माझ्या डोक्यावर हेल्मेट चढविलें, हनुवटीखालचा पट्टा आपल्या हातानें आवळला, आणि पहिलीच्या वर्गांतल्या मुलाला सांगावें तसें मला सांगितलें: उजव्या हाताचा अंगठा दाबला कीं गाडी पळते, सोडला कीं मंदावते, ज्या बाजूला वळावयाचें त्या बाजूला अंग झोकावयाचें, आणि कांहींहि झालें तरी पाय खालीं टेकावयाचा नाहीं, नाहीं तर तो मागच्या चाकाखालीं सांपडतो. आयुष्यभर ज्यानें दुसऱ्यांना सूचना दिल्या त्याला सूचना ऐकून घेणें किती जड जातें, हें त्या पांच मिनिटांत मला कळलें.

आम्ही निघालों. पुढें वाटाड्या, मध्यें मी, मागें मुलगा. पायवाट लाल मातीची होती. दोहों बाजूंस कारवी, वाळून सोनेरी झालेलें गवत, आणि मधूनमधून वाटेंतच बसकण मारलेले काळे कातळ. बैलगाडीचीं दोन चाकें कण्यावर आपापलीं फिरतात. म्हणून ती वळणावर सुखानें वळते. ह्या गाडीचीं मागचीं चाकें एकाच कण्याला जखडलेलीं. तीं हट्टी बैलासारखीं सरळच जाऊं पाहत होतीं. तरीहि खोटें कशाला बोलूं? पहिला चढ संपला आणि मला अत्यानंद झाला. ज्या चढावर माझ्या गुडघ्यांनीं दहा पावलांत शरणागति पत्करली असती तो मीं एका अंगठ्यानें जिंकला होता!

ह्या आनंदांत एकच गोष्ट मला खुपत होती. प्रत्येक वळणावर वाटाड्या गाडी थांबवी, मान वळवून मागें पाही, आम्ही दोघे दिसलों कीं मगच पुढें जाई. पहिल्या दोन वळणांना मला तें सौजन्य वाटलें. तिसऱ्याला मला तो माझ्या वयाचा अपमान वाटूं लागला. मी कांहीं अंगठा सोडून पळून जाणार नव्हतों! चौथ्या वळणाच्या अलीकडे मात्र एका ओढ्याच्या उतारावर माझें पुढचें चाक दोन दगडांच्या बेचक्यांत बसलें आणि गाडी एका अंगावर कलली. खालीं ओढा, वर मी, आणि माझा अंगठा कांहीं केल्या निर्णय घेईना. मान वर केली तों वाटाड्या आपल्या गाडीवर उभा राहून माझ्याकडेच पाहत होता. तो धांवत आला. पण त्यानें हँडलाला हात लावला नाहीं. एका हातानें गाडीचा मागचा दांडा धरून दुसऱ्या हातानें त्यानें नुसती दिशा दाखविली. “डावीकडं झोका, सर. आता दाबा.” मीं दाबला आणि गाडी वर आली. गाडी मीं काढली असें त्यानें मला वाटूं दिलें, हें त्याचें कौशल्य. पुढच्या वळणावर तो थांबला तेव्हां मीं आपण होऊन हात वर केला.

माथ्यावर पोंचल्यावर त्यानें तिन्ही गाड्या बंद करावयास लावल्या. इतका वेळ त्या आवाजाखालीं दडपून गेलेला डोंगर तेव्हां कोठें बोलूं लागला. वारा ऐकूं आला. कोठें तरी एक पक्षी होता, तोहि ऐकूं आला. खालीं धरणाचें पाणी पसरलें होतें आणि त्याच्या भोंवतीं किल्ले मांडले होते. आतां पाळी माझी होती. टोकदार तो तुंग, त्याचें दुसरें नांव कठीणगड. तीन कोनांचा तो तिकोना, म्हणजेच वितंडगड. पलीकडे लोहगड, त्याचा तो पुढें आलेला विंचूकांटा, आणि शेजारीं विसापूर. मी सांगत होतों आणि तो मुलगा मन लावून ऐकत होता. रोज तो ज्यांच्याकडे पाहत होता त्यांचीं जोडनांवें त्याला ठाऊक नव्हतीं. मला नांवें ठाऊक होतीं, पण तेथवर जाण्याची वाट ठाऊक नव्हती.

“सर, तुम्ही शिकवता का कुठं?” त्यानें विचारलें.

“धाराशिवला. कॉलेजांत.”

तो क्षणभर थांबला. “मी बी तिकडचाच. कळंब तालुका.”

परमुलखांत गांवचें माणूस भेटल्याचा आनंद मला झाला, आणि शिक्षकाच्या संवयीनें मीं त्यालाहि धड्याचें रूप दिलें. सह्याद्रीचाच एक फांटा हरिश्चंद्रगडाकडून पूर्वेस निघतो, गोदावरी आणि भीमा ह्यांच्या मधून नगर, बीड करीत आपल्याकडे येतो, त्यालाच आपण बालाघाट म्हणतों, असें मीं त्यास सांगितलें.

“म्हणजे डोंगर एकच,” तो हंसून म्हणाला. “मग लई लांब आलो नाही म्हणायचं.”

त्याच्या हंसण्यानें मी धीट झालों आणि शिक्षणाविषयीं विचारलें. तो आमच्या जिल्ह्यांतल्याच एका महाविद्यालयांत बी. ए. च्या पहिल्या वर्षाला होता. दिवाळी झाली आणि आई-वडिलांबरोबर ऊंसतोडीला गेला. वडिलांची कंबर गेलेली. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली. नवरा-बायकोचा एक कोयता धरतात, त्यांतला अर्धा कोयता मोडला तर उचल फिटणार कशी? पाडव्याला तीं माणसें परत आलीं तेव्हां परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत केव्हांच संपली होती. पुढच्या वर्षीं तो इकडे आला.

“कॉलेजांत कोणाला सांगितलें नाहींस?”

“कुणी विचारलं नाही, सर.”

ह्या बोलण्यांत तक्रारीचा सूर मुळींच नव्हता. आज वारा पश्चिमेचा आहे असें सांगावें तसें त्यानें तें सांगितलें. मीं घाईनें महाविद्यालयाचें नांव विचारलें. तें माझें नव्हतें. मला हायसें वाटलें. आणि दुसऱ्याच क्षणीं त्या हायसें वाटण्याची मला लाज वाटली. हा नव्हता, तर ह्याच्यासारखे दुसरे होते. दर वर्षीं दिवाळीनंतर माझ्या हजेरीपटावर कांहीं नांवांपुढें गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात आणि माघांत त्या नांवांवर लाल शाईची रेघ येते. ती रेघ मीं कित्येकदां स्वतःच्या हातानें ओढली आहे, आणि तीहि पट्टी लावून, सरळ!

“निघू या, सर. ऊन उतरलं की दगड दिसत नाहीत,” वाटाड्या म्हणाला.

उतरतांना मला डोंगर फारसा दिसला नाहीं. माझे डोळे पुढच्या पाठीवर होते. तो वळणावर थांबे, मान वळवी, मी हात वर करीं, तो पुढें जाई. मुलें मला चांगला शिक्षक म्हणतात. माझा अभ्यासक्रम वेळेंत पुरा होतो. गेल्या अठ्ठावीस वर्षांत तो एकदांहि मागें राहिला नाहीं. पण अंगठा दाबून पुढें जाणें हें वाटाड्याच्या कामांतलें सोपें काम आहे, हें मला त्या उतारावर कळलें. माझ्यामागें जे येऊं शकले ते आले. माथ्यावर पोंचल्यावर मीं त्यांची मोजदाद केली, आणि तिला निकाल हें नांव दिलें. वळणावर कोण अडकलें हें पाहण्यासाठीं मान वळवावी लागते. आणि माझी मान तर गुडघ्यांइतकी कधींच दुखत नव्हती.

खालीं आल्यावर त्या मुलानें माझ्या हनुवटीचा पट्टा सोडला. मीं त्याला बाहेरून परीक्षा देण्याच्या सोयीविषयीं सांगितलें; नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचें नांव एका कागदावर लिहून दिलें. त्यानें कागद घडी करून खिशांत ठेवला. त्याचें पुढें काय होईल हें मी विचारलें नाहीं. छपराखालीं पुढची तीन माणसें हेल्मेटें घालून उभीं होतीं.

सुट्टी संपून महाविद्यालय उघडलें त्या दिवशीं तास संपल्यावर मी हजेरीपट घेऊन बसलों. दिवाळीपासून गैरहजर अशीं तीन नांवें होतीं. पहिल्याचा फोन लागला नाहीं. दुसऱ्या नांवाच्या मुलीचें लग्न झालें होतें. तिच्या वडिलांनीं तें आनंदानें सांगितलें, आणि मला कांहीं बोलतां आलें नाहीं. तिसऱ्याचा फोन पुष्कळ वेळ वाजला. मग ट्रॅक्टरचा आवाज, कोणाची तरी हांक, आणि एक धापा टाकणारा आवाज ऐकूं आला. मीं नांव सांगितलें. पलीकडे कांहीं वेळ नुसता ट्रॅक्टरच चालू होता.

“सर,” शेवटीं तो म्हणाला, “माझं नाव आहे का अजून?”

“आहे,” मीं सांगितलें. आणि परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख त्याला दोनदां वाचून दाखविली.